चारशे बारा नावांचं पत्र

१

प्रफुल्ल हे लिहिणारच नव्हता. दोनदा फोनवर टाईप करायला घेतलं, दोनदा पुसलं. झालं काय आणि केलं कोणी, हे सांगणं सोपं आहे. पण मध्ये एक वाक्य येतं, तिथे तो स्वतःच सापडतो. ते गाळलं तर बाकीचं सगळं खोटं. येईल तेव्हा येईल ते वाक्य. सुरुवात पत्रापासून.

दसऱ्यानंतरचा सोमवार, सकाळचे दहा. परळला जुन्या गिरणीच्या आवारात उभी राहिलेली काचेची बिल्डिंग, चौथा मजला. बुधाजीमामा आले. वय चौऱ्याहत्तर, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीतून एक पत्र काढलं आणि थेट ऑफिसच्या प्रमुख मेघना मॅडमच्या टेबलावर ठेवलं.

"हे तुमचं तुम्हाला परत. मी नाव काढून घेतलंय आणि तुम्ही मला खोली देताय. काय चाललंय काय?"

गिरणी कामगारांचा एक ट्रस्ट आहे, तो घोडपदेवला बिल्डिंग बांधतोय. खोली कोणाकोणाला मिळणार त्याची यादी ह्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असते. मामांचं नाव त्यात होतं. मग मुलाला अँटॉप हिलला क्वार्टर मिळालं, तसा मामांनी स्वतःहून अर्ज केला: माझं नाव काढा, कोणा गरजवंताला द्या. आणखी दोघांनीही नावं मागे घेतली. बुधवारी, खंडेनवमीच्या दिवशी, नवी यादी चढली. आणि शुक्रवारी मामा लालबागच्या काउंटरला गेले, नाव काढल्याचा कागद मागायला, तर हातात पत्र पडलं: 'मंजूर'.

मेघना मॅडमनी पत्र वाचलं. मग स्वतःच्या स्क्रीनवर यादी उघडली. मामांचं नाव नव्हतं. गिरगाव, दादर, परळ, वडाळा, लालबाग, पाचही काउंटर बघितले. कुठेच नाही.

"म्हणजे शुक्रवारी कोणीतरी हे नाव आत घातलं," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि काम झाल्यावर पुन्हा काढून टाकलं. यादीत लिहिण्याचा अधिकार ह्या ऑफिसात एकाच माणसाला आहे."

"कोणाला?" मामांनी विचारलं.

 मॅडमनी काचेपलीकडे बसलेल्या राजरत्नकडे बघितलं फक्त. राजरत्न मामांचा सख्खा भाचा. प्रामाणिकपणाने पत्र परत करायला आलेल्या म्हाताऱ्याला तेव्हा कळलं की आपण कोणाच्या गळ्यात काय अडकवलं.

"चार वाजता ट्रस्टची माणसं येतील," मॅडम म्हणाल्या. "तोपर्यंत राजरत्नचं कार्ड माझ्याकडे राहील. नंतर बहुधा कायमचंच."

२

राजरत्न जिन्यात बसला होता. गळ्यातली कार्डाची दोरी तेवढी राहिली होती, तीच बोटाला गुंडाळत, सोडत. प्रफुल्ल दोन पायऱ्या खाली उभा. त्याचा एक पाय हलत होता. अस्वस्थ झाला की हलतोच.

दोघांची दोस्ती ह्याच जिन्यातली. प्रफुल्ल कॉलेज अर्धवट सोडलेला, घोडपदेवच्या चाळीत जुन्या लॅपटॉपवर लिनक्स शिकलेला, काँट्रॅक्टवरचा पोरगा. त्याला मेनफ्रेम समजावली ती राजरत्नने.

"कपाटाएवढं एक मशीन," तेव्हा तो म्हणाला होता. "त्याच्या पोटात पाच लिनक्स, म्हणजे पाच वेगळे कॉम्प्युटरच समज. प्रत्येकाला वाटतं अख्खं मशीन माझंच. त्यांना म्हणायचं गेस्ट. एकेका काउंटरला एकेक गेस्ट. आता यादी पाचही जणांना लागते, मग पाच पाच कॉप्या कशाला? मेमरीचा एक तुकडा असतो, पाचही जण त्यातच वाचतात. चाळीत जिन्याखाली फळा असतो ना? तसा. वाचायला सगळे, लिहायला फक्त सेक्रेटरी."

आणि सेक्रेटरी होता राजरत्न. घोळ तोच तर होता.

"बुधवारी अकराला नवी यादी सेव्ह केली," राजरत्न म्हणाला. "पाच गेस्ट रीस्टार्ट करायचं काम ऑपरेटर कमलताईंना दिलं आणि दुपारच्या गाडीने नागपूरला गेलो. दीक्षाभूमीवर एवढी गर्दी, आईलासुद्धा फोन लागत नव्हता. आज सकाळी उतरून सरळ इथे आलो."

"लॅपटॉप होता ना बरोबर?"

"होता. ड्युटीचा आहे, न्यावाच लागतो."

म्हणजे तिथून करता आलं असतं. प्रफुल्लच्या डोक्यात हे आलं, आणि डोक्यातून थेट तोंडात.

"रत्न्या, खरं सांग. तू केलंस का?"

राजरत्नने बोटाची दोरी सोडली. वर बघितलं.  उठला आणि जिना उतरून गेला.

साडेदहा वाजले होते.  आता एकच होतं. चारच्या आत शोधायचं.

३

करी रोडचा पूल पायीच ओलांडून तो लालबागच्या काउंटरला पोचला. शुक्रवारी पत्र छापलं ते गणपतने. पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर, तोंडात बडीशेप.

"सकाळपासून तू तिसरा," गणपत म्हणाला. "पहिला मॅडमचा फोन, दुसरा ट्रस्टचा. मी काय चोर आहे काय?"

"तसं नाय काका. फक्त शुक्रवारचं सांगा."

"सांगायचं काय त्यात? म्हातारा आला. म्हणाला नाव काढल्याचा कागद द्या. मी नंबर टाकला, स्क्रीनवर आलं मंजूर. म्हटलं आजोबा, नाव आहे की तुमचं! तर माझ्यावरच डाफरला. शेवटी बटण दाबलं, पत्र आलं, दिलं हातात."

"घाई होती तुम्हाला?"

"पाठी अठरा माणसं उभी. तू बस इथे एक दिवस, मग विचार."

"राजरत्नचा फोन आला होता का? मामा येतायत, बघून घ्या, असं काही?"

"हॅट. त्या पोराचा नंबरपण नाय माझ्याकडे." गणपतने ड्रॉवर उघडला. "हे बघ, आमची ऑफिस कॉपी. ह्यात माझं अक्षर सहीपुरतं. बाकी सगळं मशीनचं."

प्रफुल्लने कॉपीचा फोटो काढला. वर ट्रस्टचा शिक्का, मध्ये मामांचं नाव, खाली तारीख, वेळ, आणि अगदी तळाला बारीक ठशात एक ओळ: 'यादीतील एकूण नावे: ४१२'.

कोणी वाचत नाही अशी ओळ. त्यानेही वाचली आणि खिशात फोन टाकला. पुलाच्या मध्यावर आला आणि पाय थांबले. मागून हातगाडीवाला ओरडला, "ओ भाई, रस्ता आपला आहे का?"

चारशे बारा?

४

ऑपरेटर रूममध्ये कमलताई होत्या. कमल सावंत, तीस वर्षं नोकरी, रिटायरला चौदा महिने. घोडपदेवला प्रफुल्लच्याच चाळीत राहायच्या, त्यामुळे ऑफिसात ताई आणि चाळीत मावशी. एसीच्या गारठ्यात शाल घेऊन बसलेल्या. समोर एका ओळीत पाच स्क्रीन, पाच कीबोर्ड, प्रत्येकावर चिकटवलेली पट्टी: गिरगाव, दादर, परळ, वडाळा, लालबाग.

"ये रे झिला. जेवलंस?"

"नंतर. मावशी, बुधवारचं रजिस्टर दाखवा ना."

त्यांनी सरकवलं. पाच ओळी, निळं पेन. गिरगाव बारा पाच, दादर बारा दहा, परळ बारा पंधरा, वडाळा बारा वीस, लालबाग बारा पंचवीस. प्रत्येकापुढे टिक. खाली मॅडमची सही.

"पाचही रीस्टार्ट केले?"

"लिहिलंय ना." कमलताईंनी शाल ओढली. "आणि रविवारी तर बिल्डिंगचं लाईटचं काम होतं. अख्खं मशीनच बंद केलं, आज सकाळी चालू. माझं काय बघतोस? त्या पोराचं बघ. बिचारा. असा कशाला करायचा पण?"

पाचही स्क्रीनच्या वरच्या पट्टीवर एकच मजकूर होता: 'चालू: ४ तास'. रविवारच्या बंदने जुनं सगळं धुऊन नेलं होतं. सिस्टमचे लॉग बंगळूरच्या टीमकडे, मागितले की दोन दिवस. मीटिंग चारला.

प्रफुल्ल उठला. उठताना बघितलं: लालबागच्या स्क्रीनच्या कडेला वाळलेली झेंडूची पाकळी अडकलेली, आणि कीबोर्डच्या कोपऱ्यात हळदीचा पिवळा ठसा.

"पूजेचं राहिलंय हो अजून," तो म्हणाला.

"असूं दे." त्यांनी पटकन पदराने ठसा पुसला. "जा जेवून घे."

५

जेवला नाही. स्वतःच्या जागेवर बसून कागदावर आकडे मांडले.

जुनी यादी ४१२. तिघांनी नावं मागे घेतली, म्हणून नवी ४०९. आता राजरत्नने शुक्रवारी मामांचं नाव चोरून घातलं असतं, तर एकूण झाले असते ४१०. पत्रावर ४१०च छापलं गेलं असतं.

पण छापलंय ४१२.

म्हणजे लालबागच्या काउंटरने एक नाव जास्तीचं बघितलं नव्हतं. त्याने जुनी यादीच्या यादी बघितली होती, नाव काढलेल्या तिघांसकट. दोन दिवस आधी पुसली गेलेली यादी.

पण फळा तर एकच. एका फळ्यावर लालबाग जुनं वाचतोय आणि दादर नवं, हे कसं? पाय पुन्हा हलायला लागला. बाजूच्या टेबलावरची प्रिती वैतागली, "ए, भूकंप बंद कर ना."

टेस्टिंगसाठी मशीनच्या एका कोपऱ्यात दोन गेस्ट ठेवलेले असतात. त्याने तिथे मेमरीचा छोटा तुकडा बनवला, त्यात दोनच शब्द: कांदा, बटाटा. दोन्ही गेस्टना जोडला. दोघांनी वाचलं, कांदा, बटाटा. मग त्याच नावाने नवा तुकडा सेव्ह केला: कांदा, टोमॅटो. एक गेस्ट रीस्टार्ट केला. दुसऱ्याला हातच लावला नाही.

पहिल्याने वाचलं: कांदा, टोमॅटो.

दुसऱ्याने वाचलं: कांदा, बटाटा.

प्रफुल्ल खुर्चीतच ताठ झाला. मशीन जुना फळा फोडत नाही! नवा फळा शेजारी लावते, त्याच नावाचा. नवीन येणाऱ्याला नवा दाखवते. पण जुन्यासमोर जो आधीपासून वाचत उभा आहे, त्याच्या डोळ्यांसमोरून तो काढून घेत नाही. तो हलला की मगच जुना उतरवते.

म्हणून तर सगळे गेस्ट रीस्टार्ट करायचे असतात. लालबागचा गेस्ट शुक्रवारपर्यंत जुन्या फळ्यासमोरून हललाच नव्हता. कोणी काही घातलं नाही, कोणी काही काढलं नाही.

पण मग रजिस्टरमध्ये बारा पंचवीसची टिक कशी?

तीन वाजून पाच मिनिटं.

६

टिक खोटी. एवढं कळलं. पण ते दाखवायचं कशाने? मशीन काल बंद झालेलं, लॉग बंगळूरला, आणि रजिस्टरवर मॅडमची सही.

झेंडूची पाकळी डोक्यातून जाईना. बुधवारी पूजा झाली होती, पेढे वाटले होते. कमलताईंनी एकच छोटा हार आणलेला, तो दाराजवळच्या स्क्रीनला घातला. दाराजवळची स्क्रीन म्हणजे लालबाग. सगळे जमले, हसले, आणि मॅडम म्हणाल्या होत्या, प्रफुल्ल, तू काढ रे फोटो...

त्याने फोन उपसला. सकाळपासून तो फोन खिशात घेऊन हा माणूस अख्खा लालबाग-परळ हिंडत होता!

बुधवार, दुपारी बारा पन्नास. मध्ये कमलताई, हातात तबक. बाजूला मेघना मॅडम, पेढा तोंडाजवळ. त्यांच्या खांद्यामागे हार घातलेली स्क्रीन. त्याने फोटो दोन बोटांनी मोठा केला. झेंडूच्या दोन फुलांमधून वरची पट्टी स्वच्छ दिसत होती.

'चालू: २१४ दिवस'.

बारा पंचवीसला रीस्टार्ट केलेला गेस्ट बारा पन्नासला म्हणतो, मी मार्चपासून जागचा हललो नाही.

त्याने तो फोटो आधी कमलताईंनाच नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बघितला, चष्मा काढला.

"माझे बाबा साचेवाले, माग चालवायचे," त्या म्हणाल्या. "लालबागच्याच गिरणीत. खंडेनवमीला साच्याला हळदकुंकू लागलं की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात नाय लावायचा. तो दिवस त्याच्या विश्रांतीचा. आमच्या घरात विळीपण चालवत नसत त्या दिवशी. मी पूजा आधी केली आणि राजरत्नचा निरोप नंतर आला. चार केले. हळद लागलेल्या पाचव्यावर हातच जाईना. म्हटलं रविवारी बंद होणारच आहे, यादी काय, एकच तर आहे सगळ्यांची. टिक मारली."

"आणि आज सकाळी? त्याचं कार्ड काढून घेतलं तेव्हा?"

"तेव्हा छातीत धस्स झालं." त्यांचा आवाज खाली गेला. "पण म्हटलं, माझं काय असेल ह्यात? बोलले तर रजिस्टर खोटं ठरतंय. तीस वर्षं रे, प्रफुल्ल. चौदा महिने राहिलेत."

"मावशी, चारला मी हे सगळं सांगणार. फोटो मात्र दाखवणार नाय. रजिस्टरचं तुम्ही सांगा."

"आणि नाय सांगितलं तर?"

"तर दाखवीन."

त्यांनी शाल डोक्यावर घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं.

७

केबिनमध्ये मेघना मॅडम, ट्रस्टचे सेक्रेटरी राजारामभाऊ, बुधाजीमामा आणि दाराशी उभा राजरत्न. प्रफुल्लकडे कोणी बघत नव्हतं. 

त्याने आकडे सांगितले. चारशे नऊ, चारशे दहा, चारशे बारा. मग लॅपटॉप फिरवला आणि कांदा-बटाटा करून दाखवला. राजारामभाऊंनी दोनदा करायला लावलं.

"म्हणजे पोराने काही घातलंच नाही?"

"घातलं असतं तर तळाला चारशे दहा आलं असतं, भाऊ."

"थांबा," मेघना मॅडम म्हणाल्या. "तुझं म्हणणं, लालबाग रीस्टार्ट झाला नाही. रजिस्टर म्हणतं झाला. खाली माझी सही आहे. मग खोटं कोण बोलतंय, प्रफुल्ल?"

प्रफुल्लचा हात खिशात गेला. फोनवर बोटं टेकली. भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं. मामा खाली मान घालून बसलेले.

दार उघडलं.

"मी," कमलताई म्हणाल्या. शाल नव्हती अंगावर. "मी खोटी टिक मारली, मॅडम. लालबागला मी हात लावला नव्हता."

सगळं सांगितलं त्यांनी, बाबांच्या साच्यापासून. मेघना मॅडमचा चेहरा लाल झाला. "कमलताई, एका माणसाची नोकरी जात होती! निदान सकाळी बोलायचंत. आणि इतकी मोठी गोष्ट कोणाच्याच कशी लक्षात आली नाही?"

आता फोटो दाखवायची गरज नव्हती. तरी प्रफुल्लने तो फोनवर उघडला आणि मॅडमसमोर ठेवला.

मॅडमनी स्वतःला बघितलं, पेढा खाताना. मग खांद्यामागची पट्टी वाचली. रजिस्टरवर सही त्यांनी त्यानंतर दहा मिनिटांनी केली होती, मागे वळूनही न बघता. फोन त्यांनी पालथा ठेवला. ड्रॉवर उघडला, कार्ड काढलं, उठून दारापर्यंत गेल्या आणि राजरत्नच्या हातात दिलं.

"मी आधी तुला विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मी फक्त नातं बघितलं."

राजरत्नने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. कमलताईंना मेमो मिळाला, नोकरी राहिली. राजारामभाऊ उठले, तेव्हा बुधाजीमामा जागचे हलले नाहीत.

"माझा कागद?"

"कसला कागद, मामा?"

"नाव काढल्याचा. शुक्रवारपासून तोच तर मागतोय."

छापून दिला. मामांनी चष्मा लावून तळाची ओळ मोठ्याने वाचली, "चारशे नऊ." मग घडी घालून पिशवीत ठेवला, भाच्याला म्हणाले, "जय भीम, चल येतो," आणि गेले.

८

गेटबाहेरच्या टपरीवर दोन कटिंग. संध्याकाळचे साडेपाच. राजरत्नने कार्ड गळ्यात घातलं नव्हतं, खिशात ठेवलं होतं.

"कमलताई रडत होत्या," प्रफुल्ल म्हणाला.

"माहितेय. माझ्याकडे येऊन गेल्या. म्हणाल्या माफ कर. म्हटलं, पूजेचा राग नाय ताई. तुम्ही सकाळपासून सहा तास बघत बसलात, त्याचा आहे." त्याने चहा फुंकला. "जाईल तोही."

"आणि माझा?"

 रस्त्यापलीकडे कोणीतरी स्कूटर सुरू करायला किका मारत होता, होत नव्हती.

"मॅडमनी नातं बघितलं," राजरत्न म्हणाला. "तू तर मला बघत होतास. रोजचा. तरी पहिला प्रश्न तोच काढलास. दिवसभर धावलास माझ्यासाठी, मान्य. पण धावलास ते विचारल्यावर."

 प्रफुल्लचा पाय हलत नव्हता.

"लिही हे," राजरत्न म्हणाला. "तू लिहितोस ना काय काय. परत असं झालं तर पुढच्या पोराला कळेल की पहिलं काय बघायचं."

"लिहितो. चारशे बाराचं, फळ्याचं, फोटोचं."

"आणि जिन्यातलं?"

स्कूटर सुरू झाली, धूर सोडून निघून गेली. प्रफुल्लने ग्लास खाली ठेवला.

"तेपण. जसंच्या तसं. आणि पुन्हा कधी तुझं नाव कशात आलं, रत्न्या, तर आधी मशीन किती दिवस जागचं हललं नाय ते बघीन. तुला काय विचारायचं ते सगळ्यात शेवटी. शब्द देतो."

राजरत्नने खिशातून कार्ड काढलं आणि गळ्यात घातलं.